नवमीला घासलेलं पितळ

मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या आईने माझी वर्षभराची मेहनत चिंचेच्या कोळाने घासून काढली. त्या गोष्टीला आता आठ महिने होतील. राग अजून ताजा आहे, आणि तो शिळा व्हायच्या आत लिहून काढते आहे. मी वाढवून सांगते असं आमच्या अयोध्या नगरात सगळे म्हणतात. म्हणू देत. ह्या गोष्टीत जे वाढवलेलं वाटेल ते खरं आहे, आणि जे अगदी साधं वाटेल तिथे मी थोडा हात मारला आहे.

मला स्टीमपंकचा नाद आहे. हे काय असतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको. समजा, वीज आलीच नाही. सगळं वाफेवरच चालत राहिलं, विमानं, घड्याळं, केस कापायची यंत्रंसुद्धा. तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या विलायती झग्यांमध्ये आणि कोटांमध्ये लोक काय काय अडकवून फिरले असते? पितळी चक्रं, काचा, नळ्या, पट्टे. ते आम्ही घालतो. भोपाळात आम्ही असे सात जण आहोत. आठवा होता, त्याचं लग्न झालं.

माझी टोपी दीड फूट उंच आहे. छताच्या पंख्याने तिचं दोनदा मुंडण केलंय. कंबर आवळायच्या चोळीत पोलादी पट्ट्या लागतात, त्या मी सुताराच्या तुटलेल्या मेजरिंग टेपच्या घातल्या. त्यामुळे चोळी काढली की माझ्या पोटावर सत्तावीस ते एकतीस इंच असे आकडे उलटे छापलेले असतात. स्कर्टला मागून जो फुगवटा लागतो त्यासाठी वेताची टोपली मधोमध कापून बसवली आहे. एकदा तो घालून मी कोलार रोडच्या बसमध्ये उभी होते, तर मिसरोदच्या तीन बायका त्यावर टेकून गेल्या आणि उतरताना त्यांनी माझे आभार मानले. कोट मरून मखमलीचा. तो शिवला जुन्या शहरातल्या एका मास्टरजींनी, जे एरवी लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवतात. मी सांगून सांगून थकले की खांद्यावर झालर नको.

"मैडम, झालर के बिना बैंड नहीं लगता," ते म्हणाले.

"बैंड लगना भी नहीं है."

त्यांनी झालर लावलीच. तेव्हापासून मी ह्या वेशात जिना उतरले की खालच्या मजल्यावरचे काका दारात येऊन उभे राहतात. काका नागपूरचे, सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, निवृत्त झाले आणि माझ्यावर नजर ठेवायच्या कामी लागले. "काय वं पोरी, आज कोनाची वरात काढून राहिली?" असं विचारतात. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, मंडीदीपच्या एका कारखान्यात नकाशे काढते आणि अठरा माणसांच्या चुका सुधारते. पण काकांच्या लेखी मी पोरगी आणि वरात. दुसऱ्या दिवशी ते गंभीर होतात: "इंग्रज गेले, अन् तू त्यांच्या मडमांचे कपडे घालून राहिली." त्यांना मी एकदा सांगितलं की मडमा नुसत्या छत्री घेऊन बसायच्या, यंत्र चालवणारे आपलेच लोक होते, मी त्यांच्या बाजूने आहे. काका म्हणाले, "मंग टोपी कायले लावते?" मी जास्तच चिडले.

आता मुख्य वस्तूकडे येते. माझे बाबा इथल्या मोठ्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होताना त्यांच्या वर्कशॉपमधल्या दोस्तांनी भंगारात निघालेल्या बॉयलरचं प्रेशर गेज त्यांना दिलं. वाफेचा दाब मोजायचं, भाकरीएवढं, पितळी कड असलेलं, काट्याचं गेज. शाल आणि नारळ सगळ्यांनाच मिळतो. हे फक्त बाबांना मिळालं, कारण तेवीस वर्षं ते रोज त्याच्यासमोर उभे राहून आकडे लिहायचे आणि लिहून झालं की कडेवर अंगठा घासायचे. का, ते त्यांनाच माहीत. तेलाचा, घामाचा, त्यांच्या अंगठ्याचा असा एक काळा रंग त्या कडेवर बसला होता. नुसता काळा नव्हे, उजेडात धरलं की आतून तांबूस. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा फोटो आहे, चष्मा आहे, पण त्यांच्या हाताचं असं घरात ते एवढंच होतं, भिंतीवर टांगलेलं.

दरवर्षी मिसरोदकडच्या एका सभागृहात आमच्या वेशांची स्पर्धा होते. ह्या गोष्टीच्या आदल्या वर्षी मी सगळा साज नवा पितळी करून गेले होते, गेज घरी ठेवून. एका चष्मेवाल्या परीक्षकाने मला भोवती फिरून पाहिलं, जसं लोक सेकंडहँड स्कूटर बघतात, आणि म्हणाला, "काम अच्छा है, मगर सब नया लगता है. इसमें उमर नहीं है." आणि बक्षीस दिलं इंदूरहून आलेल्या एका टोळीला, ज्यांची चक्रं प्लास्टिकची होती आणि वर स्प्रे मारलेला. प्लास्टिकला उमर होती, माझ्या पितळाला नव्हती. त्या दिवशी मी परत येताना इतकी तापले होते की माझ्या अंगातून खरोखरची वाफ निघत होती.

म्हणून मग वर्षभर मी माझ्या पितळाला म्हातारं केलं. ही सोपी गोष्ट नाही. मीठ लावायचं, व्हिनेगर शिंपडायचं, आणि मुख्य म्हणजे उकडलेलं अंडं गरम असतानाच फोडून हवाबंद डब्यात पितळाच्या शेजारी ठेवून द्यायचं. अंड्याच्या वासाने धातू काळवंडतो. आमच्या घरात अंडं येत नाही. मी ती चपलांच्या खोक्यातून आणायचे आणि मागच्या गॅलरीत दार लावून उकडायचे. एकदा डबा नीट बंद झाला नाही, आणि वरच्या मजल्यापर्यंत वास गेला. ह्या शहरात विचित्र वासाची थट्टा करत नाहीत. लोक आधी दार उघडून बाहेर बघतात. तीन घरांची दारं उघडली. मी प्रत्येकाला जाऊन सांगितलं की गटार तुंबलंय, आणि तेव्हापासून डब्याला टेप लावायला लागले.

गॉगलची कड, मनगटावरची चक्रं, टोपीवरची नळी, बावीस बटणं. एकेका वस्तूला मी आठ-आठदा डब्यात घातलं आणि बाहेर काढून गेजच्या शेजारी ठेवून पाहिलं. गेजला काहीच करायचं नव्हतं. खरा रंग त्याचाच होता, आणि बाकी सगळं त्या रंगापर्यंत आणायचं होतं. गेज छातीवर पट्ट्यांमध्ये मधोमध बसणार होतं. स्पर्धा जिंकायची होती हे खरं, पण त्याहून जास्त मला त्या चष्मेवाल्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं, ही घे उमर. तेवीस वर्षं आहे, मोज.

स्पर्धा रविवारी चार वाजता. शनिवारी संध्याकाळी मी सगळं पितळ दिवाणावर जुन्या चादरीवर मांडलं. आई दारात उभी राहून बघत होती. तिला ह्या नादाबद्दल मी कधी सरळ सांगितलं नव्हतं. ती त्याला "जादूगाराचे कपडे" म्हणते, आणि मी ऑफिसच्या कार्यक्रमाचं सांगून वेळ मारून नेते.

"हे सगळं काय पसरलंयस?"

"माझी हत्यारं आहेत," मी म्हटलं. बोलणं संपावं म्हणून. "उद्या लागणार आहेत."

"उद्या होय," आई म्हणाली. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्या बोलण्यावर आईचा चेहरा मऊ झाला असं आधीच्या दहा वर्षांत झालेलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी मास्टरजींकडे कोट आणायला गेले. ते अजून नवं अस्तर लावत होते, आणि झालर आणखी लांब केली होती. बारा वाजता घरी आले तर दारातच झेंडूचा वास. आत पाट मांडलेला, पाटावर लाल कापड, आणि लाल कापडावर माझं वर्ष. गॉगल, चक्रं, नळी, बावीस बटणं. सगळं लखलखत होतं. देवघरातली समई शेजारी होती, ती बिचारी मळकट वाटत होती. प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू, प्रत्येकीवर एक झेंडू. आणि मधोमध गेज, सोन्याच्या ताटासारखं.

रविवार म्हणजे नवमी होती. खंडेनवमी. हत्यारांची पूजा. बाबा असताना दरवर्षी त्यांचे नट आवळायचे पाने आणि कानशी अशाच पाटावर असायच्या. मी नकाशे काढते, कॅलेंडरवरच्या सुट्ट्या बघते, तिथी बघत नाही. आणि मीच म्हटलं होतं, माझी हत्यारं आहेत, उद्या लागणार आहेत.

"बघ," आई म्हणाली. तिची बोटं चिंचेने सुरकुतली होती. "तू गेल्यापासून बसले होते. किती गं काळी करून ठेवली होतीस. ह्यांचं ते तर काही केल्या निघेना. शेवटी राख लावली."

कथा-कादंबरीत इथे काळ्या थराखालून काहीतरी निघतं. बाबांनी कोरलेलं नाव, एखादी तारीख. मी गेज हातात न घेता वाकून, चारी बाजूंनी पाहिलं. काही निघालं नव्हतं. नुसतं पितळ निघालं होतं.

मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते की समोरच्या झाडावरचे पोपट उडाले आणि अजून परत आलेले नाहीत. आई ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "पितळ काळं ठेवतात का कुठे घरात?"

"मी मुद्दाम काळं केलं होतं. वर्षभर. आणि ते बाबांचं होतं, ते त्यांनी काळं केलं होतं."

"तो मळ होता."

"त्यांचा होता."

"त्यांचा मळ मी तीस वर्षं कॉलरींवरून काढला," आई म्हणाली. "मला नको सांगूस."

घड्याळात साडेबारा वाजले होते. म्हटलं, ठीक आहे, चकचकीत तर चकचकीत. मी पाटाकडे हात नेला. आईने माझं मनगट धरलं.

"आज उचलायचं नसतं. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की घे."

"स्पर्धा आज आहे."

"मग आज नाही."

आवाज ऐकून काका वर आले होते, आणि दारात जागा बघून नीट उभे राहिले होते. आईने त्यांना पंच नेमलं. "सांगा हो भाऊजी हिला, आजच्या दिवशी पूजेतलं हत्यार उचलतात का."

"नाही उचलत," काका म्हणाले. "मी तं गाडीची चावीबी पाटावर ठेवली. पायीच फिरून राहिलो."

"आणि टीव्हीचा रिमोट, काका? मघाशी मॅच ऐकू येत होती."

"रिमोट काही हत्यार नाही होत."

"तुमच्या घरात तेवढंच एक चालतं."

"अगं, तोंड सांभाळ," आई म्हणाली. "विळीसुद्धा पूजेत आहे. भाजी मी पहाटेच चिरून ठेवली."

मी म्हटलं की मी भाजी चिरणार नाही, कोणाला मारणारही नाही, नुसतं छातीवर लावून चार तास उभी राहणार आहे. आणि दुसरा हात पुढे केला. तेव्हा आई म्हणाली, "ह्यांचं बोट कसं गेलं माहितीये का तुला?"

बाबांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. कसं गेलं ते सगळ्या कॉलनीला माहीत होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की कलियासोतच्या टेकडीवर वाघाने खाल्लं. शॉपमधल्या नव्या पोरांना, की मोठ्या साहेबाला बोट दाखवलं म्हणून गेलं. मला लहानपणी सांगितलं होतं की आईच्या बेसनाच्या लाडवात अडकून तुटलं, आणि मी कित्येक वर्षं लाडू आधी दिव्याखाली धरून बघत असे. वाढवून सांगायची विद्या मला कुठून आली ते ह्यावरून कळेल.

"तू पाच वर्षांची होतीस," आई म्हणाली. "नवमीच होती. तुझ्या लहान सायकलची चेन पडली आणि तू रडून घर डोक्यावर घेतलंस. मी म्हटलं, आज नको. हे म्हणाले, एक पाना तर फिरवायचा. पूजेतला पाना उचलला. चेन चढवत होते आणि तू पेडल फिरवलंस."

काका खाली बघायला लागले. मग खाली निघूनच गेले. पायी.

मला आठवत नाही. ते पेडल, ती सायकल, काहीच आठवत नाही. छत्तीस वर्षं ही बाई ते पोटात घेऊन बसली, बाबा वाघ आणि लाडू सांगत राहिले, आणि शेवटी बाहेर कधी काढलं? माझ्या स्पर्धेला साडेतीन तास उरले असताना, मला अडवायला. मला रडू आलं नाही, ह्याची नोंद करून ठेवते. मला इतका राग आला की कानात शिट्टी वाजायला लागली.

"हे आजच सांगायचं होतं?"

"आज हात पुढे केलास म्हणून."

मी हात मागे घेतला. पटलं म्हणून नाही. त्या लखलखत्या पाटाकडे बघून हात गेला नाही, बस.

पण स्पर्धेला गेले. कोट घातला, चोळी आवळली, टोपली बांधली, टोपी चढवली. पितळ एकही नाही. कोटाला बावीस रिकामी काजं, टोपीवर नळीचं भोक, छातीवर पट्टे आणि त्यांच्या मधोमध भाकरीएवढी गोल मोकळी जागा. स्कूटरलाही आईने हार घातला होता, म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "बैंड पार्टी आगे निकल गई क्या?" मी म्हटलं, हो, आणि मी मेलेली आहे, गाडी नीट बघून चालव. त्याने आरसा दुसरीकडे फिरवला.

चष्मेवाला ह्या वेळीही होताच. माझ्याभोवती फिरला, छातीवरच्या गोलासमोर थांबला.

"मैडम, इसमें मशीन कहाँ है?"

"छुट्टी पर है."

"किसकी छुट्टी?"

"मशीन की. हमारे यहाँ साल में एक दिन मिलती है."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला. बक्षीस इंदूरला. मंचावर बक्षीस घेताना त्यांच्या पुढाऱ्याचं एक चक्र निसटलं. पितळ पडलं की सगळं सभागृह ऐकतं. हे प्लास्टिकचं, नुसतं दोनदा उसळलं आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या पर्समध्ये गेलं. बक्षिसाला तिघांनी टाळ्या वाजवल्या. चौथी मी होते, पण मी वेगळ्या कारणाने.

दुसऱ्या दिवशी आईने उत्तरपूजा केली आणि गेज माझ्या हातात दिलं. आकड्यांच्या खाचांत कुंकू अडकलं होतं. संध्याकाळी सोनं लुटायला, सीमोल्लंघनाला निघताना मी मुद्दाम सगळा साज चढवला, गेजसकट, आणि आईबरोबर कॉलनीच्या फाटकाबाहेरपर्यंत चालत गेले. इतकी चमकत होते की समोरून येणाऱ्या गाड्यांनी दिवे खाली केले. काकांनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि वरातीबद्दल काही विचारलं नाही. तेसुद्धा मला आवडलं नाही.

परत येताना आई म्हणाली, "अंडी उकडायची तर उकड. पण माझं दुधाचं पातेलं घेऊ नको त्याला."

मी रस्त्यातच थांबले. "तुला माहीत होतं?"

"वास येत नाही का मला?"

"म्हणजे काळं मी मुद्दाम करते हे माहीत होतं. तरी घासलंस?"

"तुझं तुझ्यासाठी घासलं. पूजेत काळं चालत नाही," आई म्हणाली. "ह्यांचं माझ्यासाठी घासलं. ते भिंतीवर काळं पडून राहिलेलं मला बघवत नव्हतं. हे असताना दर नवमीला मी म्हणायचे, घासते, आणि हे घासू द्यायचे नाहीत."

ह्यावर मी काय बोलणार? बोलले पुष्कळ. पण ती पुढे चालत राहिली.

बाकीचं पितळ मी पुन्हा काळं केलं आहे, नव्या पातेल्यात, दार उघडं ठेवून. गेजला अंडी लावली नाहीत. अंड्याने काळं होईल, पण ते अंड्याचं काळं होईल. म्हणून आता मी पोळीला तेल लावताना, स्कूटर पुसताना, मधेच उठते, भिंतीपाशी जाते आणि कडेवर अंगठा घासते. रोज. आठ महिन्यांत नखाएवढा डाग धरला आहे. असंच चालू राहिलं तर चौसष्टाव्या वर्षी मी त्या चष्मेवाल्यासमोर उभी राहीन, तो जिवंत असो वा नसो.

आई स्वयंपाकघरातून बघत असते. "आधी हात धू," म्हणते.

"नाही धुणार."